चौकोन, वर्तुळ आणि मौलेंचा ओटा

दोन हजार दोन साली नाशिकमधले मोडायला आलेले सगळे संसार मी एकटी दुरुस्त करणार होते. गंगापूर रोडपासून सुरुवात करायची आणि नाशिकरोडला आटोपायचं, असा साधारण बेत होता. हसू नका. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मी दुसऱ्या वर्षाला होते, पहिल्या वर्षी वर्गात पहिली आले होते, आणि वर्गात आम्ही नऊच जण होतो ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नसे.

वय चोवीस, लग्न झालेलं नाही. "स्वतःच्या लग्नाचा पत्ता नाही आणि निघाली लोकांची लग्नं टिकवायला," हे आमची आई रोज सकाळी दूध तापवताना एकदा तरी म्हणायची. मी तिला म्हणे, बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांमध्ये पुरुष नसतात का? त्यावर ती दुधाकडे बघायची आणि दूध उतू जायचं. त्याचाही दोष माझ्या शिक्षणालाच.

आमच्या गायधनी मॅडमनी दोन वर्षं एकच गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली. सल्ला द्यायचा नाही, मत द्यायचं नाही, बाजू घ्यायची नाही. समोरच्याचं ऐकायचं, मध्ये 'हं' म्हणायचं आणि त्याचंच म्हणणं सावकाश त्याला परत द्यायचं. 'हं' कसं म्हणायचं याचे वेगळे तास होते. माझा 'हं' वर्गात सगळ्यांत सरस, असं मॅडम म्हणत. आम्ही वर्गातल्या वर्गात नवरा-बायको होऊन खोटी भांडणं भांडायचो. त्यात मी अकरा संसार वाचवले होते.

खरी पंचाईत शेवटच्या सत्रात झाली. परीक्षेसाठी एक खरं जोडपं लागत होतं. दोघांनी मिळून समोर बसायचं, तीन बैठका करायच्या, शिवाय त्यांच्या घरी जाऊन जिनोग्राम काढायचा. जिनोग्राम म्हणजे घराण्याचा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला सरळ रेघ, भांडणाला नागमोडी रेघ. हे सगळं एकतीस मार्चच्या आत झालं नाही, तर वर्ष वाया.

दर शनिवारी पंचवटीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचं मोफत सल्ला केंद्र चाले. दोन महिने तिथे जोडपं म्हणून फिरकलं नाही. एक आजी तेवढ्या नेमाने यायच्या, पण त्या बीपी मोजून घ्यायला. मी त्यांना 'हं' म्हणायचे आणि त्यांचं बीपी खरोखर उतरायचं. पण त्यांचे यजमान वारून बारा वर्षं झालेली. जोडपं म्हणून दाखवणार कसं?

आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हिरामण मौले आला.

मखमलाबादला त्यांचा मळा, गुलाब आणि शेवंतीचा. तिशी ओलांडलेला, अंगाने दणकट माणूस, पण आवाज पेटीत ठेवल्यासारखा. वर्तमानपत्रात गुंडाळलेले गुलाब त्याने टेबलावर ठेवले आणि पुढचा तासभर माझ्याकडे न बघता त्या गुलाबांशीच बोलला. त्याची बायको सुवर्णा मुलीला घेऊन डिसेंबरात सिन्नरला माहेरी गेली होती. भांडण कशावरून? तर ओट्यावरून.

दिवाळीत त्यांनी स्वयंपाकघर नवं बांधलं. गवंड्याने विचारलं, ओटा किती उंच घेऊ? हिरामणची आई वत्सलाबाई पुढे झाली आणि म्हणाली, माझ्या कमरेला. वत्सलाबाईची उंची चार फूट आठ इंच. सुवर्णाचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. महिनाभर तिने त्या ओट्यावर कमरेत वाकून भाकऱ्या केल्या आणि एक दिवस विचारलं, बांधताना मला एकदा विचारलं असतं तर? त्यावर हिरामण हिशेबाला आलेल्या गवंड्याच्या देखत म्हणाला, "ओट्याला काय विचारायचं असतं?"

झालं. मुलीचं नाव ठरवताना विचारलं नाही, शेवंती मोडून गुलाब लावताना विचारलं नाही, असं आठ वर्षांचं सगळं बाहेर आलं. बाई जीपमध्ये बसून सिन्नरला गेली. आता तिच्या भावाचा निरोप होता, पाडव्यापर्यंत वाट बघू, मग सोडचिठ्ठीचा कागद करून टाकू.

मग आणायला जा ना बाबा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी प्रशिक्षित होते. मी म्हटलं, "हं. म्हणजे तुम्हाला आणायला जावंसं वाटतंय."

"वाटतंय की. पण आई म्हणती, आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल. आन् अण्णा आईच्या शब्दाबाहेर नाय."

जाताना त्याने एक वचन मागितलं. तो इथे आला होता हे घरी कळता कामा नये. मखमलाबादला कुणकुण लागली, तर हिरामणच्या डोक्यात फरक पडला म्हणतील. मी वचन दिलं. गोपनीयता हा तर आमच्या विद्येचा पहिला धडा. गुलाब मात्र मी ठेवून घेतले.

पुढच्या रविवारी हिरामण फुलबाजारात असताना मी लुनावरून मळ्यात गेले. मॅडमचा दंडक होता, लोकांच्या घरी जाताना साडी नेसा, विश्वास बसतो. म्हणून आईची मोरपंखी साडी नेसले होते. काखेत वही. वत्सलाबाई अंगणात हार करत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सहज आले होते. कॉलेजच्या अभ्यासासाठी चांगल्या घरांची माहिती घेतेय."

वत्सलाबाईंनी मला खालून वर पाहिलं. आडनाव विचारलं. मी जेजुरकर म्हणून सांगितलं, आणि त्यांनी सुई टोपलीत खोवली. "आमच्यातलीच की," असं म्हणून त्यांनी यजमानांना, पुंजाअण्णांना, हाक मारली, आणि अण्णा धोतर बदलून बाहेर आले.

आता तुम्ही माणसांत राहणारे आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडे स्थळ घेऊन येणारा माणूस कधी स्थळ घेऊन आलो म्हणतो का? तो नेहमी सहजच आलेला असतो. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं, एवढंच त्याचं म्हणणं असतं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, कारण मी वर्गात पहिली आले होते.

मी वही उघडली आणि जिनोग्रामचे प्रश्न सुरू केले. मूळ गाव कुठलं? मामांचं गाव कुठलं? आत्या कुठे दिल्या? घरात कुणाला साखर, फिट, दारूचं व्यसन? मळ्याचे निर्णय कोण घेतं? धाकट्या मुलाचं शिक्षण किती, वय किती, लग्न का राहिलं? एकेका उत्तरासरशी मी चौकोन आणि वर्तुळं काढत होते आणि अण्णा मान वाकडी करून बघत होते. माहिती इतकी भराभर मिळत होती, की मला माझ्याच कौशल्याचं कौतुक वाटलं. न विचारता त्यांनी विहिरीला किती परस पाणी आहे तेही सांगितलं.

"थोरल्या सूनबाई दिसत नाहीत?" मी अगदी सहज विचारलं.

वत्सलाबाईंची नजर अण्णांकडे गेली, अण्णांची छपराकडे. "माहेरी गेलीय. भावाचं लग्न हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. मी वहीत हळूच एक नागमोडी रेघ ओढली.

तेवढ्यात धाकटा मुलगा राज शिऱ्याचा ट्रे घेऊन आला. केस ओले करून चापून बसवलेले, शर्टाची घडी नुकती मोडलेली. ट्रे टेकवताना वाट्या वाजत होत्या. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसून तो फरशीकडे बघू लागला. मला वाटलं, मुलगा बुजरा आहे, याला बोलतं करायला हवं. म्हणून मी त्याला छापील यादीतले प्रश्न विचारले. राग आला की तुम्ही काय करता? आईशी मतभेद झाले तर कुणाचं ऐकता? आणि अकरावा प्रश्न, लग्नाबद्दल तुमच्या अपेक्षा काय? तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "आई-अण्णा म्हणतील तसं."

निघताना वत्सलाबाईंनी मला नवा ओटा दाखवला, कुंकू लावलं आणि हातात नारळ ठेवला. पक्षकाराकडून भेट घेऊ नये असा नियम होता, पण नारळाला नाही म्हणायचं कसं? लुना सुरू करताना मागे वळून पाहिलं, तर चौघं दारात उभी. चौथी शेजारची कुसाबाई, ती नक्की कुठून आली कोण जाणे. वहीत मी त्या दिवशी लिहिलं, 'कुटुंबाने उत्तम विश्वास दाखवला.'

पुढच्या शनिवारी तर चमत्कारच झाला. केंद्राच्या दारात हिरामण उभा, आणि त्याच्या मागे डोकं वाकवून आत येणारी उंच बाई. सुवर्णा! आईनेच सांगितलं सिन्नरला जाऊन घेऊन ये म्हणून, हिरामण म्हणाला. मी विचारलं, एकाएकी कसं काय? तो गुलाबांशी काहीतरी पुटपुटला. मी फार खोलात गेले नाही. एका गृहभेटीत सासूचं मन पालटलं, एवढं मला पुरेसं होतं. संध्याकाळी आईला मी ऐकवणार होते, पण गोपनीयता आडवी आली.

पहिल्या बैठकीत सुवर्णा माझ्याकडे टक लावून बघत राहिली. माझी वेणी बघितली, चप्पल बघितली. मग म्हणाली, "सकाळी किती वाजता उठता तुम्ही?"

पक्षकाराने समुपदेशकाला खासगी प्रश्न विचारला, तर काय करायचं हे मला तोंडपाठ होतं. मी हसून म्हटलं, "तुम्हाला ते जाणून घ्यावंसं वाटतंय."

"हो. किती वाजता?"

"हं," मी म्हटलं.

"भाकरी येती का?"

"भाकरीबद्दल तुमच्या मनात काहीतरी आहे."

तिने हिरामणकडे पाहिलं. हिरामणने खिडकीबाहेर पाहिलं. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मी खरं काय ते सांगून टाकते. पुढं तुम्हाला नको वाटायला, की कुणी बोललं नाही." आणि ती जी बोलायला लागली! या घरात सून म्हणजे कशी, तर ओट्याची उंचीसुद्धा सासू ठरवते. सासरे भले, पण तोंड उघडायचं काम नाही. नवरा जीव लावतो, पण आईपुढे मुका. पक्षकाराला समुपदेशकाचीच एवढी काळजी का, हे मला थोडं वेगळं वाटलं. पण मी लिहून घेतलं, 'उत्तम लक्षण.'

दुसऱ्या बैठकीतही तेच. ती सगळं मला सांगायची आणि शेजारी बसलेला हिरामण ऐकायचा. आपल्या बायकोला आठ वर्षांत इतकं सलग बोलताना त्याने कधी ऐकलं नसावं. शेवटी त्याने मान वर केली. "मला वाटलं, तुझं ओट्यावरून हाय," तो म्हणाला.

"ओट्यावरून असतं तर मी घर सोडलं असतं का?" सुवर्णाचा आवाज बारीक झाला. "वाकून केल्याच ना भाकरी महिनाभर. मला एकदा विचारायचं होतं तुम्ही. मी त्याच उंचीला हो म्हणाले असते."

हिरामणने खिशातून रुमाल काढला आणि तिला द्यायच्या ऐवजी स्वतःचेच डोळे पुसले. मला भरून आलं. त्या दिवशी 'हं' म्हणायचं मी साफ विसरले.

तिसरी बैठक पार पडली आणि माझा अहवाल एकवीस पानांचा झाला. शेवटच्या पानावर मी 'समुपदेशनाचे यश' असं शीर्षक लाल शाईने लिहिलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी आमच्या इंदिरानगरच्या घराची बेल वाजली. दारात वत्सलाबाई आणि पुंजाअण्णा, हातात गुलाबांची टोपली. मला वाटलं, सून-नात घरी आली म्हणून आभार मानायला आले. मग आठवलं, हिरामण माझ्याकडे येतो हे तर त्यांना ठाऊकच नाही. तरी म्हटलं बसा. आईने चहा टाकला.

वत्सलाबाईंनी चहा अर्धा प्यायला, कप खाली ठेवला आणि पदर सारखा केला. "निरोप धाडला असता," त्या आईला म्हणाल्या, "पण पोरगी स्वतः आली होती, म्हणून म्हटलं आपणबी स्वतः जावं. तुमची लेक सोन्यासारखी हाय. पण आमचं नाय जमायचं."

"काय नाही जमायचं?" आईने विचारलं.

"आमच्या राजसाठी ती घर बघून गेली ना. त्याचं म्हणते मी."

आईने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, मी लहानपणी देव्हाऱ्यातली घंटा विकून बर्फाचा गोळा खाल्ला होता तेव्हा. मी तोंड उघडलं. आता काय सांगणार? मी स्थळ म्हणून गेले नव्हते म्हणावं, तर कशाला गेली होतीस? हिरामण माझ्याकडे आला होता म्हणावं, तर दिलेला शब्द मोडतो, आणि नुकता सांधलेला संसार पुन्हा सिन्नरला जातो. मी तोंड मिटलं. दोन वर्षांच्या शिक्षणात इतकं कठीण काही केलं नव्हतं.

"का नाही जमायचं? काय कमी आहे आमच्या मुलीत?" आई आता कंबर कसून उभी राहिली होती. मुलीने परस्पर मुलगा बघितला हा अपराध बाजूलाच राहिला. मुलीला नकार आला हा मोठा.

वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मनात नव्हतं हो. मला पसंत होती. पण हिरामण म्हणला, आई, आता तरी सुवर्णाला विचार. कधी वर तोंड करून बोलला नाय, तो बोलला. म्हणून म्हटलं, सुवर्णे, जाऊ तुझी व्हायची, तू सांग. आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं मी तिला. आता तिचा शब्द मोडू कसा?"

"आणि ती काय म्हणाली?" हे मी विचारलं.

"म्हणाली, पोरगी गुणाची हाय, शिकलेली हाय. पण काहीबी विचारा, 'हं' म्हणती. होय नाय की नाय नाय. अशा बाईशेजारी एका ओट्यापुढं जल्म काढायचा म्हणजे अवघड हाय, आत्याबाई."

अण्णा तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. पाडव्याला गवंडी येतोय, म्हणाले. ओटा सहा इंच वर घेणार. वत्सलाबाई लगेच म्हणाल्या, त्यांच्यासाठी सागाचा पाट करायला टाकलाय, त्यावर उभ्या राहतील. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मला खरंच बरं वाटलं. दोन मिनिटं तरी वाटलं. मग ते गेले आणि आई सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलबाजारात जाऊन हिरामणला गाठलं. शेवंतीच्या ढिगाआड तो लपायला बघत होता, पण दणकट माणूस शेवंतीत मावत नाही. सगळं कबूल केलं त्याने. स्थळ आलंय आणि थोरली सून माहेरी, हे बरं दिसत नाही, म्हणून आईने त्याला सिन्नरला धाडलं. चष्मा, वही आणि लुना एवढ्या वर्णनावरून मुलगी कोण ते त्याने तेव्हाच ओळखलं होतं. सल्ला केंद्रात सुवर्णा काही आली नसती, म्हणून त्याने तिला आणि घरीही सांगितलं, मुलगी नव्या विचारांची आहे, होकार देण्याआधी तिला थोरल्या दीर-जावेशी तीनदा बोलायचंय.

"खोटं बोललो मॅडम," तो म्हणाला, "पण घरी सांगायचं नाय असं आपलं ठरलंच होतं." आणि त्याने माझ्या हातात शेवंतीची एवढी मोठी जुडी कोंबली. मी रागावून निघाले होते, पण त्याच्या सायकलला पुढे एक लहान मुलगी बसली होती, दोन वेण्या घातलेली, सिन्नरहून आलेली. मग राग कुठला टिकायला?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी अहवाल चाळला आणि विचारलं, या कुटुंबात बदल नेमका कशाने झाला? खोटं बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, कुटुंबाने थोरल्या सुनेच्या मताने पहिलाच निर्णय घेतला, त्याने झाला. कोणता निर्णय, त्यांनी विचारलं. मी सांगितला. गायधनी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मग खुर्ची मागे सरकवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पास केलं मला. शेरा होता, 'ऐकून घेण्याची हातोटी उत्तम, मात्र जिनोग्राममध्ये स्वतः शिरू नये.'

हिरामणने पुढे कधीतरी स्वतःच सगळ्या मखमलाबादला हा किस्सा सांगून टाकला, म्हणून तर मी लिहिते आहे. नावं अर्थातच बदलली आहेत. ओट्याची उंची तेवढी खरी.

पण ते फार नंतर. त्याआधी, पुढच्याच वर्षी राजचं लग्न झालं. मुलगी येवल्याची, भाग्यश्री, सुवर्णाने पसंत केलेली. बोहल्यावरसुद्धा तिची टकळी चालू होती, आणि सुवर्णा तिच्या मागे उभी राहून तितक्याच जोरात उत्तरं देत होती. दोघींचं छान जमणार हे कुणालाही दिसत होतं. मी जिलेबीच्या पंगतीत बसले होते. वत्सलाबाई वाढायला आल्या, मला पाहून थांबल्या, आणि शेजारी बसलेल्या सगळ्या पाहुण्या बायकांना कौतुकाने म्हणाल्या, "ही तृप्ती. लय गुणाची पोर. हिला आपण नाय म्हणालो होतो."

सगळ्या बायका जेवण थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मला पुष्कळ काही बोलायचं होतं. दोन वर्षांचं शिक्षण, एकवीस पानांचा अहवाल, सगळं घशाशी आलं.

मी म्हटलं, "हं."

सुवर्णा पलीकडून म्हणाली, "बघा आत्याबाई, मी काय सांगत होते?"